ढालीवर आधीच घातलेलं नाव

क्लबची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे आले. जुनं सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही म्हणून आले, माझ्यावर फार लोभ होता अशातला भाग नाही. अध्यक्ष म्हणजे इथल्याच एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. पन्नाशीला आलेत, पण लहानपणी आमच्या अंगणात पडलेला चेंडू न्यायला यायचे तेव्हापासून मला काकी म्हणतात. टाइप केलेले सात-आठ कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"काकी, एकदा नजर घाला. चुकलंबिकलं असेल तर सांगा. छापायला द्यायचंय."

मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. हात पुसले, चष्मा शोधला, तो सापडेस्तोवर अध्यक्षांचा चहा पिऊन झाला. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण वाचायचा मला कंटाळा नाही. सुरुवातीला लिहिलं होतं की दूरदृष्टीच्या काही तरुणांनी पेणमध्ये क्रीडासंस्कृतीची मुहूर्तमेढ रोवली. मला हसू आलं. मुहूर्तमेढबिढ काही नव्हती. पाऊस होता आणि रंग वाळत नव्हता, एवढंच होतं. पण म्हटलं असू दे, स्मरणिकेत असंच लिहितात.

मग क्लबने जिंकलेल्या स्पर्धांची यादी आली. ढालीच्या स्पर्धेत आम्ही सलग सात वर्षं जिंकलो होतो, त्यातल्या चौथ्या वर्षापुढे एक ओळ होती. अंतिम सामन्यात रोह्याच्या संघावर मात.

तिथे माझं बोट थांबलं ते हलेना. मात झालीच नव्हती. सामना अर्धाच झाला होता. आणि तो अर्धा राहिला तो माझ्यामुळे, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. त्या रोह्याच्या संघाचा कप्तान माझा पाठचा भाऊ. त्या दिवसानंतर तो माझ्या घराची पायरी चढला नाही. आता सत्तरीला आलाय, धाप लागते, दोन वेळा दवाखान्यात राहून आला. रोह्यातही ही स्मरणिका जाणार, जुन्या खेळाडूंना पाठवायची म्हणून पत्ते गोळा करणं चाललं होतं. म्हणजे तो मरायच्या आधी माझ्याच क्लबाकडून त्याच्या हातात हे पडणार. मात.

मला ती एक ओळ बदलून हवी होती. बाकी इतिहास त्यांना हवा तसा छापू दे.

हे कळायला थोडं मागचं सांगायला हवं. माहेर माझं रोह्याचं, सासर पेणचं. सासऱ्यांचा कारखाना होता. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा, वेगळं सांगावं लागत नाही. कामाची सगळ्यात जास्त घाई पावसाळ्यात आणि हवा सगळ्यात ओली तीही तेव्हाच. चार दिवस झड लागली की माती वाळत नाही, रंग धरत नाही. शेगड्या पेटवून तरी किती मूर्ती वाळवणार? मग कारागीर बसून राहायचे. बसलेली माणसं सासऱ्यांना बघवायची नाहीत. आमचे हे आणि त्यांच्याबरोबरचे पाच-सहा जण मागच्या पडीक शेतात चिखलात चेंडू तुडवायला लागले. सासरे म्हणाले, विड्या ओढत बसण्यापेक्षा बरं. असा तो क्लब निघाला.

पहिली दोन वर्षं तर आमचा संघ ऊन पडलं की हरायचा. म्हणजे खेळ चालू असताना ढग फाटले की सासऱ्यांचा माणूस मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. "ऊन पडलंय, चला." की चार जण मैदानातून सरळ कारखान्यात, पायाचा चिखल पायाला. समोरचे संघ देवाजवळ ऊन मागायचे. पुढे सासऱ्यांनाच नाद लागला आणि तो माणूस यायचा बंद झाला. मग मात्र आमचे लोक कुणाला ऐकेनात. आमचे हे गोलकीपर होते. कारखान्यात ओले साचे उचलायची सवय, दोन्ही हात खाली घालून छातीशी धरायचे, तसाच ते चेंडू धरायचे. घसरट चेंडू त्यांच्या हातून कधी सुटला नाही. माणसं लांबून बघायला यायची ती त्यासाठी.

सुरुवातीच्या बनियनी घरीच रंगवलेल्या. पितांबराचा पिवळा उरलेला असायचा, त्यात बुडवल्या. पावसात त्यांचा रंग सुटायचा आणि सामना संपेपर्यंत समोरचा संघही निम्मा पिवळा व्हायचा. त्या धुवायच्या मी. अकरा बनियनी, अकरा चड्ड्या, प्रत्येकात शेरभर चिखल, आणि वाळवायला ऊन नाही. चुलीच्या वर दोरी बांधून वाळवायच्या. इतिहासाच्या कागदात हे नव्हतं आणि असावं असं मला वाटतही नाही. कंबर माझी दुखते, ती कशाने दुखते ते मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

दुसरं काम माझ्याकडे होतं ते अक्षरांचं. माणसं मूर्ती ठरवून गेली की त्या घराचं नाव चिठ्ठीवर लिहून पाटाला चिकटवायचं. आधी एक म्हातारे लिहायचे, त्यांना दिसेनासं झालं तेव्हा सासऱ्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. शेकडो चिठ्ठ्या लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं, शाळेने नाही सुधारलं ते. आणि कारखान्याची रीतच अशी की वस्तू तयार झाली की तिच्यावर लगेच नाव पडलं पाहिजे. नाव नसलेली वस्तू फळीवर दिसली की सासरे विचारायचे, "ही कुणाची? नाव का नाय हिच्यावर?"

ढालीच्या स्पर्धेत दर वर्षी नवी लाकडी ढाल द्यायचे आणि ती बनवायला आमच्याच कारखान्यात यायची. वर प्लास्टरची वेल, सोनेरी रंग, मधल्या जागेत जिंकणाऱ्या संघाचं नाव. पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो तेव्हा नाव सामना संपल्यावर घातलं. मी मैदानाच्या बाजूच्या शेडमध्ये बसून घाईघाईने लिहिलं. बक्षीस द्यायला एक पुढारी आले होते, अंगात पांढरा शुभ्र झब्बा. त्यांनी ढाल उचलून प्रेमाने छातीशी धरली. ढाल आमच्या कप्तानाला दिली तेव्हा त्यांच्या छातीवर आमच्या क्लबचं नाव उलटं उठलेलं. ते भाषण संपेपर्यंत तसेच उभे, लोक टाळ्या कशाला वाजवताहेत ते त्यांना घरी जाऊन कळलं असेल.

सासरे भयंकर ओशाळले. पुढच्या वर्षी सामन्याच्या तीन दिवस आधी ढाल माझ्यापुढे ठेवली. "नाव टाक गो यावर. पावसात वाळायला तीन दिवस लागतात."

मी म्हटलं, "हरलो तर?"

"हरायला काय झालंय?"

आणि खरंच हरलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही की नाव कधी पडतं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं. आता विचार करते तेव्हा वाटतं, एखादा संघ फार जिंकायला लागला की असंच होत असेल.

चौथ्या वर्षी फायनलला समोर रोहा आला. भाऊ तिकडच्या एका कंपनीत लागला होता, संघातले बहुतेक तिथलेच. पाळ्या सांभाळून खेळायचे, पण चांगले खेळायचे. फायनलच्या दिवशी सकाळी तो एकटाच आधी आला, माझ्याकडे जेवून मग मैदानावर जाणार होता. मी त्याच्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं. जेवण व्हायला वेळ होता म्हणून तो हातपाय धुवायला मागे कारखान्यातून गेला. मी तिथेच होते. चार-पाच कारागीर होते. ढाल फळीवर वाळत होती.

तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"गो ताय, ही कुणाची?"

"वाच की. येतं ना वाचायला?"

त्याने वाचलं. "फायनल अजून व्हायची हाय ना?"

आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणारे एक म्हातारे होते, हाताने जितके हळू तितके तोंडाने जलद. ते ब्रश न उचलता म्हणाले, "पाव्हणे, रंग वाळायला तीन दिवस लागतात. तुम्हाला हरवायला तासभर."

सगळे हसले. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्या वेळी मी काहीही बोलू शकले असते. पावसाचं सांगितलं असतं, झब्ब्याचं सांगितलं असतं तर तोही हसला असता. मी म्हटलं, "तुमचं नाव घालून ठेवलं असतं तर उद्या खरवडायला मलाच बसावं लागलं असतं रे."

पुन्हा हसले सगळे. मीही हसले. मला त्या चार माणसांत पेणची दिसायचं होतं. लग्नाला दहा वर्षं झाली होती तरी कुणी काही बोललं की शेवटी रोह्याची म्हणायचे.

तो "बरं" म्हणाला. पायावर पाणी घेतलं आणि पुढच्या दाराने निघून गेला. मी पान मांडून हाक मारली तेव्हा ओटीवर त्याच्या पायांचे ओले ठसे होते फक्त.

सामना मी बांधावरून पाहिला, छत्री धरून. पाऊस असा की चेंडू पाण्यात तरंगायचा. पहिला हाफ झाला तरी कुणाचाच गोल नाही. रोह्याचे चांगले खेळत होते, आमच्या ह्यांनी दोन चेंडू कसेबसे अडवले. मध्ये विश्रांती झाली. मग पंचांनी शिटी वाजवली, आमचे अकरा पिवळे मैदानात आले आणि पलीकडे कुणीच नाही. पुन्हा शिटी. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. एस.टी. स्टँडच्या रस्त्याने ते सगळे चालले होते, एकामागे एक, अंगभर चिखल, पुढे माझा भाऊ खांद्यावर पिशवी घेऊन. मागे वळून कुणी बघितलं नाही.

पंच थांबले थोडा वेळ आणि मग आम्हाला विजयी म्हणून जाहीर केलं. बक्षीस समारंभ झाला. त्या वर्षी अक्षरं इतकी छान वाळली होती की कुणाच्या कपड्याला ठिपका लागला नाही.

नंतरचं काय सांगू. मोठं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. आमचं तसं काहीच नव्हतं. आई गेली तेव्हा तो भेटला, वडील गेले तेव्हा भेटला. "बरी हायस ना?" "बरी हाय." मी माहेरी गेले की त्याची नेमकी दुपारपाळी. भाऊबीजेला पहिली काही वर्षं मी ताट करून ठेवायचे. मी दोन पत्रं लिहिली, माझं चुकलं म्हणून लिहिलं, चांगल्या अक्षरात लिहिलं. उत्तर नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे, "खेळातलं मनावर घेतो तो खेळाडू कसला?" त्यांचं बरोबर होतं, पण ते गोलकीपरचं बोलणं. बहिणीला त्याचा उपयोग नव्हता. हे गेले त्यालाही सहा वर्षं झाली. त्या वेळी भाऊ आला होता, पण मांडवातच बसला, घरात आला नाही.

क्लब वाढतच गेला. पक्क्या जर्सी आल्या, बूट आले. मूर्ती आता बारा महिने होतात आणि वाळवायला मोठे पंखे, मोठे दिवे, त्यामुळे पावसात बसून राहणारं कुणी उरलं नाही. आताचे खेळाडू कॉलेजातले, काही पनवेलहून येतात. जिंकतात अजून. माझ्या नजरेसमोरून मिरवणूक गेली की मी हात दाखवते. त्यांना मी कोण ते ठाऊक नसतं.

तर त्या दिवशी मी अध्यक्षांना म्हटलं, "ही ओळ चूक आहे. मात नाही झाली."

"काकी, मी होतो की त्या दिवशी मैदानावर. दहा वर्षांचा होतो. रोहेकर पळाले."

"पळाले नाहीत. मी घालवले." आणि त्यांना ढालीचं सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण काकी, हे बरोबर मधलं वर्ष आहे. हे काढलं तर तीन आणि तीन होतात. सलग सात राहत नाहीत."

"काढू नका. काय झालं ते लिहा फक्त."

"तुमच्या भावाचं काय म्हणणं आहे? ते म्हणाले की ढालीमुळे गेलो, तर मी कमिटीपुढे ठेवतो. नुसतं तुमच्या मनातलं कसं छापायचं?"

माणूस वाईट नाही. बरोबरच बोलला. ते गेल्यावर मी शेंगा तशाच ठेवून पडून राहिले. या वयात उठून रोह्याला जायचं म्हणजे गुडघे, पिशवी, औषधं, आणि तिथे जाऊन चाळीस वर्षांपूर्वीचं उकरायचं. नको वाटत होतं. पण न जाऊन ते छापून आलं असतं तर मग काय.

चार दिवसांनी रोह्याची गाडी धरली. खिडकी मिळाली. कासू गेलं, नागोठणे गेलं, निडी गेलं, आणि मी काय बोलायचं ते घोकत होते ते रोहा आल्यावर विसरले. भावाच्या बायकोला आधी फोन केला होता. ती म्हणाली, "या ना वन्सं. घरातच असतात, जाणार कुठं?"

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. इतका बारीक झालेला. मांडीवर टॉवेल.

"आलीस गो."

"आले."

"बस. पंखा नको ना? मला थंडी वाजते." मग जरा थांबून, "काम काढून आलीस?"

मी कागद काढला आणि ती ओळ वाचून दाखवली. तो हसायला गेला ते खोकल्यावर गेलं. "मात. बरं लिवलंय."

"मी खोडायला लावणार आहे," मी म्हटलं. "सामन्याआधी ढालीवर नाव घातलं होतं आणि ते बघून तुम्ही मैदान सोडलंत, असं लिहा म्हणून सांगते. ते म्हणतात तुझं म्हणणं पाहिजे. तू फक्त व्हय म्हण. माझं चुकलं ते छापून येऊ दे एकदा."

त्याने बायकोकडे बघितलं. "चा टाक जरा. साखर नको माझ्यात." ती आत गेली. ती जाईपर्यंत तो टॉवेलची घडी करत होता.

"ढालीमुळं नाय गो, ताय."

"मग?"

"आमच्यातले पाच जण रातपाळी करून सरळ आलेले. मी पण. पैल्या हाफला जीव काढून खेळलो, मग बसलो तो उठवेना. गोलीच्या पोटऱ्यांत गोळे. मला दिसत होतं, दुसऱ्या हाफला चार गोल बसणार. कमीत कमी चार. बाकीच्यांना दिसत नव्हतं, ती पोरं ईर्षेला पडलेली. मग मी त्यांना ढालीचं सांगितलं."

"तोवर सांगितलं नव्हतंस?"

"नाय. तेव्हाच सांगितलं. भडकणार हे मला माहीत होतं. भडकले की चला म्हणतील हे पण माहीत होतं. म्हणाले. मी पिशवी उचलली." त्याला धाप लागली, तो थांबला. मीही थांबले. "चार गोल खाऊन येणाऱ्याला गाव हसतं. अपमान होऊन येणाऱ्याला कोण हसत नाय."

आत कपांचा आवाज होत होता. मी विचारलं, "मग आला का नाहीस इतकी वर्षं? राग नव्हता तर."

"येऊन काय सांगू? तू माफी मागायला बसलेली. पत्रात पण तेच. मी आलो असतो तर तू पाया पडली असतीस, आणि मग मला खरं सांगावं लागलं असतं."

"पत्रं मिळाली होती म्हणजे."

"हायेत अजून. अक्षर चांगलं हाय तुझं."

मला राग यायला हवा होता. चाळीस वर्षं मी दोष वाहिला आणि हा तिकडे बसून बघत राहिला. पण डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान थोडा वेळ तशीच ताठ राहते ना, तसं झालं होतं. हलकं काही वाटेना. नुसती दमले.

तोच म्हणाला, "आणि ते खरवडायचं बोललीस ना तू, सगळ्यांसमोर? ते लागलं होतं मला. खोटं नाय सांगत. त्यामुळं गेलो नाय, पण लागलं होतं."

"व्हय. मी लागावं म्हणूनच बोलले असेन."

"असशील."

चहा आला. त्याची बायको आमच्याकडे बघून काही न विचारता परत आत गेली, शहाणी आहे. चहा पिता पिता तो म्हणाला, "तू मगाशी बोललीस तसंच लिव. ढालीचं. आमच्या संघातले दोघं गेले, बाकीचे आजोबे झाले. मानासाठी मैदान सोडलं म्हणून नातवंडांना सांगतात. दुसरं काय हाय त्यांच्याजवळ? पुढच्या दोन वर्षांत संघच मोडला आमचा. मी त्यांना आता काय तोंडानं सांगू की कप्तान दमला होता?"

"म्हणजे चूक माझ्याकडेच राहू दे."

"तू नाव घातलंस ते खरंच हाय ना?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी हाय तोवर राहू दे. मग काय लिवायचं ते लिव. माझं नाव तेवढं टाकू नको."

खिडकीतून खाली नदीकडे जाणारा रस्ता दिसत होता, लोक चालायला निघाले होते. कुठली गोष्ट छापायची, पेणची की रोह्याची, आणि खरी झाली ती तर या खोलीबाहेर कुणाला नकोच होती. मी खोडायला आले होते एक खोटं, आणि माझ्या हातात दुसरं ठेवलं गेलं. पण त्याच्या खुर्चीला लागून औषधांचा डबा होता, तो माझ्या डब्याच्या दुप्पट. त्याच्याशी आता मी काय भांडू?

"बघते," मी म्हटलं.

"बघ," तो म्हणाला.

परत आल्यावर अध्यक्षांना घरी बोलावलं आणि दोन वाक्यं मीच लिहून दिली. दुसऱ्या हाफला रोह्याचा संघ मैदानात उतरला नाही. सामन्याच्या तीन दिवस आधीच ढालीवर पेणच्या क्लबचं नाव घालून तयार होतं. दोन्ही खरी. कशामुळे काय झालं ते मी लिहिलं नाही. अध्यक्षांनी दोनदा वाचली.

"भाऊ काय म्हणाले?"

"हेच म्हणाला."

कमिटीत बरीच बोलाचाली झाली म्हणे. शेवटी दोन्ही वाक्यं यादीच्या खाली बारीक टायपात आली. स्मरणिका हातात आली तेव्हा वर मोठ्या अक्षरात सलग सात वर्षं विजेते असं होतंच. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

ते खाली बघत म्हणाले, "मुखपृष्ठ आधीच छापून आलं होतं, काकी."

आमच्या गावाला काय म्हणायचं.

त्यानंतर भाऊ रविवारी फोन करायला लागला. सकाळी दहाच्या सुमाराला. बोलण्यासारखं फार नसायचं. साखर किती आली, गुडघ्याला कुठलं तेल लावतेस, तोंडली कशी मिळाली, तिकडे लाइट आहे का. मध्येच आम्ही दोघंही गप्प व्हायचो आणि त्याच्या धापेचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, मीही काढलं नाही. पेणला ये म्हटलं तर म्हणायचा, बघू, पावसाळा जाऊ दे. चाळीस वर्षांचं बोलणं अशा फोनवर भरून निघत नाही. पण रविवारी दहा वाजले की मी दुसरं काम हातात घ्यायचे नाही.

पावसाळा गेला आणि तोही गेला. त्याच्या बायकोने सकाळीच कळवलं, शनिवार होता.

बाराव्याला मी रोह्याला गेले. दारापुढे छप्पर घातलं होतं, खुर्च्यांवर म्हातारे बसले होते. त्यातले एक काठी टेकत माझ्याकडे आले. म्हणाले, "मी त्यांच्या संघात होतो. बॅकला खेळायचो. तुम्ही पेणच्या ताई ना?"

"व्हय."

"तुमच्या पुस्तकात वाचलं आम्ही. लिवलंत ते बरं केलंत. त्या दिवशी अजून अर्धा तास खेळलो असतो तर जिंकलो असतो बघा. पण त्यांनी सांगितलं, अशा ठिकाणी खेळायचं नाय. लय मानी माणूस."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, सुजलेले, चपलेत मावत नव्हते.

"व्हय," मी म्हटलं. "मानी होता." आणि पेणची गाडी किती वाजता आहे ते त्यांनाच विचारलं.